जांघेतली नाडी

माझ्या उजव्या तर्जनीची आणि मधल्या बोटाची टोकं अलीकडे बधिर होऊ लागली आहेत. मनगटातून जाणारी नस दाबली जातेय, ऑपरेशन अगदी किरकोळ आहे, असं अस्थिरोगतज्ज्ञ मित्र म्हणाला. चहाचा कप धरता येतो. प्रिस्क्रिप्शन लिहिता येतं, आणि बायकोच्या मते ते पूर्वीइतकंच वाचता येत नाही. अडतं ते एकाच ठिकाणी, नवजात बाळाच्या जांघेत.

महाधमनी जन्मतःच एका जागी अरुंद असते, त्याला आम्ही नुसतं ‘कोआर्क’ म्हणतो. डोक्याकडे आणि हातांकडे जाणाऱ्या फांद्या फुटून गेल्यावर, डाव्या हाताच्या धमनीच्या जरा पुढे, ती आवळलेली असते. वरच्या अंगाला दाब जास्त, खालच्या अंगाला कमी. दहा हजार बाळांत साधारण तीन-चार. तालुक्याच्या गावात हे ओळखायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जांघेतल्या फेमोरल नाडीवर ठेवलेलं बोट.

आणि ती नाडी भलती हट्टी. बाळ रडत असलं की लागत नाही. मांडी आखडून धरली की लागत नाही. गुटगुटीत बाळाच्या वळीत बोट हरवून जातं. जोर लावावा तर धमनीच दबते, आणि मग जे ठोके जाणवतात ते आपल्याच बोटातले असतात. माझी रीत अशी: आईने बाळाला पाजायला घ्यावं, ते नीट ओढू लागलं की लंगोट सोडावा, मांडी किंचित बाहेर कलती करावी, बोटाचं टोक न टेकवता पेर टेकवावं, दाबावं आणि मग सावकाश दाब कमी करत यावं. नाडी दाबताना सापडत नाही, सोडताना सापडते. दुसरा हात त्याच वेळी बाळाच्या उजव्या कोपरापाशी. उजव्याच, कारण डाव्या हाताची धमनी कधी कधी त्या आवळणीतच अडकलेली असते. क्वचित उजव्या हाताची धमनीही भलत्या ठिकाणाहून, आवळलेल्या भागाच्या खालून निघते. तेव्हा हात आणि पाय दोन्ही मंद लागतात आणि मानेकडे वळावं लागतं.

एवढं सगळं जमलं तरी पहिल्या दिवशी ही नाडी चक्क खोटं बोलते. माझं सगळं आयुष्य या खोट्याभोवती फिरलं आहे. गर्भात फुप्फुसांना वगळून रक्त पुढे नेणारी डक्टस नावाची वाहिनी जन्मानंतर काही काळ उघडी असते, आणि ती उघडी आहे तोवर खालच्या अंगाची गरज भागत राहते. मग ती मिटू लागते. तिचं आकसणारं ऊतक महाधमनीच्या भिंतीतही पसरलेलं असतं आणि बटव्याची दोरी ओढावी तशी ती भिंतही आवळली जाते, असं एक मत. गर्भातच त्या भागातून रक्त कमी वाहिलं म्हणून तो भाग वाढलाच नाही, असं दुसरं. माझ्या मते दोन्हींत तथ्य आहे. ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली होती का, याचा मात्र काही संबंध नाही. हे सासूबाईंना दर वेळी सांगावं लागतं.

म्हणजे बाळ घरी जातं तेव्हा ठणठणीत असतं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दूध सोडतं, धापा टाकतं, राखाडी पडतं आणि ‘इन्फेक्शन’ म्हणून परत येतं. तोवर हृदयच थकलेलं असतं, त्यामुळे हातापायांच्या नाड्या सारख्याच मंद. तुलना कशाची करणार? औषधांनी हृदय जरा सावरलं की हाताची नाडी वर येते, जांघेतली येत नाही. नेमकं त्या वेळी कुणाचं तरी बोट तिथे परत गेलं पाहिजे. आणि नेमके त्याच वेळी सगळे मॉनिटरकडे बघत असतात.

हल्ली पल्स ऑक्सिमीटरवर फार भिस्त. पण यातली कितीतरी बाळं निळी पडत नाहीत, यंत्र त्यांना खुशाल पास करतं. चारी हातापायांचा बीपी घ्या म्हणतात. वरच्या-खालच्या दाबात वीसचा फरक असला की संशय घ्यायचा, हे खरंच, पण योग्य मापाचा कफ किती ठिकाणी असतो? शहरातले तरुण मित्र थेट इको करतात. निदान इकोनेच पक्कं होतं, त्यात वाद नाही. पण शंभर किलोमीटरवर असलेल्या इकोला कोणतं बाळ पाठवायचं, हे इथे कुणी ठरवायचं? आणि आमची वैद्यमंडळी नाडीपरीक्षेचा एवढा तोरा मिरवतात, ती मनगटापाशीच का थांबतात, हे मला कधी कळलं नाही.

मोठ्या मुलांत निराळी तऱ्हा. बरगड्यांलगतच्या आडवाटांनी रक्त खाली पोचतं (त्या फुगलेल्या धमन्यांनी बरगड्यांना पाडलेल्या खाचा एक्स-रेत दिसतात), त्यामुळे नाडी असते, पण मागाहून येते. मनगट आणि जांघ एकदम धरली तर तो उशीर कळतो. डोकं दुखतं, चालताना पोटऱ्या भरून येतात, बीपी वाढलेला, अशा मुलीला गोळी सुरू होते, पण तिची जांघ कुणी तपासत नाही. संकोच समजतो. आईला शेजारी उभं करा, कपड्यावरून बघा, निदान पावलावरची नाडी तरी बघा. उंची खुंटलेली असेल तर टर्नर सिंड्रोमही मनात असू द्या.

कबूल करतो, मला मिरवायला आवडायचं. मुंबईला पाठवलेल्या चिठ्ठीत मी एकच ओळ लिहायचो: ‘फेमोरल लागत नाही. कोआर्क.’ प्रश्नचिन्ह न टाकता. तिकडून इको करून फोन आला की दिवसभर चालण्यात ऐट यायची. नाडीचा आवाज ऐकवणारं डॉप्लरचं पेन मी वर्षानुवर्षं घेतलं नाही, महाग आहे म्हणत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. पेनला ऐकू येऊ लागलं, तर मला कोण विचारणार?

आता माझ्याकडे एक तरुण डॉक्टर मुलगी काम करते. ती म्हणते, “आहे सर, पण बारीक,” आणि तिथे मला काहीच लागत नाही. मी पुन्हा बोट ठेवतो, तर म्हणते, “सर, तुम्ही दाबताय.” हे वाक्य मीच तिला शिकवलेलं. राग येतो. पेन मागवलं, ते तिच्याच खिशात असतं.

पुढचं काम माझं नाही. प्रोस्टाग्लँडिनची ड्रिप लावली की डक्टस बहुधा पुन्हा उघडते. त्या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून अँब्युलन्समध्ये जाणता माणूस हवा. १९४४ मध्ये स्टॉकहोमला क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी एका शाळकरी मुलाचा आवळलेला भाग कापून दोन टोकं जोडली. बाळांवर आजही मूळ तत्त्व तेच, मोठ्यांना फुगा किंवा स्टेंट. सरकारी योजनेतूनही हे होतं. मात्र ऑपरेशन झालं की आईबाप फिरकत नाहीत, याची मला चीड आहे. भाग पुन्हा आवळू शकतो, बीपी जन्मभर बघावा लागतो, आणि यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात.

तुमच्या घरात तान्हं बाळ असेल तर दवाखान्यातून घरी नेताना, आणि पुन्हा दीड महिन्याच्या लसीला, डॉक्टरांनी लंगोट सोडला का बघा. सोडला नसेल तर जांघेतली नाडी बघायला सांगा. डॉक्टर रागावले तर रागावू द्या.