भोपाळच्या तळ्याकाठी

भोपाळ हे बसून पाहावयाचे शहर नव्हे. टेकड्या आणि तळी यांनी त्याची मांडणीच अशी केली आहे की, चार पावले टाकावीत तो चढ तरी लागावा, नाही तर उतार तरी. बडा तलाव राजा भोजाच्या नावाशी जोडलेला आहे. तो ज्यांस पाहावयाचा असेल त्यांनी बोट क्लबपासून निघून वनविहारात शिरावे, असे आम्ही सुचवितो. १९८३ साली झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात पायी किंवा सायकलीने हिंडता येते. एका हातास पाणी, दुसऱ्या हातास टेकडीचा उतार. चितळे मोकळी चरतात. वाघ मात्र कुंपणाआड. तो बिचारा आहे तेवढ्या जागेत येरझारा घालीत असतो. कुंपणाबाहेरची कित्येक माणसे दिवसाकाठी तेवढ्याही घालीत नाहीत!

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यातून निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका. हृदय, रक्तदाब, रक्तातील साखर या सर्वांस त्याचा गुण येतो.

परंतु या शहरात श्वास ही साधी गोष्ट राहिलेली नाही. तळ्यापासून काही किलोमीटरांवर, उत्तरेस, युनियन कार्बाइडचा बंद पडलेला कारखाना आहे. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांमधील रात्री, तेथून सुमारे ४० टन विषारी मिथिल आयसोसायनेट सुटले. हजारो लोक जीव घेऊन पळाले, आणि धापा टाकीत पळणाऱ्यांच्या छातीत विष अधिकच खोल गेले. वाचलेल्यांपैकी कित्येकांची फुप्फुसे कायमची दुबळी झाली.

अशा माणसास 'पहाटे उठून भरभर चाला' असे सांगणे निष्ठुरपणाचे होईल. पण 'बसून राहा' हेही हिताचे नव्हे. धाप लागते म्हणून मनुष्य बसतो. बसून पायांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंस थोड्या कामासही अधिक श्वास लागतो, आणि पुन्हा धाप. म्हणून फुप्फुसांच्या जुन्या रोग्यांस वैद्य आता आपल्या देखरेखीखाली थोडाथोडा व्यायाम देतात. त्याने फुप्फुस नवे होत नाही. पण सवय झालेले पाय तेवढ्याच श्वासात अधिक वाट चालतात. वायुपीडितांसाठी १९९६ साली निघालेल्या संभावना दवाखान्याने औषधांच्या जोडीस योगासने शिकविण्याचा परिपाठ ठेवला, तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो.

सायंकाळी तळ्याकाठच्या रस्त्यावर गर्दी होते. तरुण झपाझप पुढे जातात. काही वृद्ध दहा-वीस पावलांनी कठड्यास टेकतात, दम घेतात आणि पुन्हा निघतात. त्या रात्री कोण कोठे होते, हे चेहऱ्यावरून कळत नाही. आणि विचारणार तरी कसे? आम्ही त्यांच्या मागून सावकाश चाललो. कमला पार्कपाशी येईतो दिवे लागले होते.