डोंगराकडची वाट



15 ऑगस्टला आपल्याकडे दोन सण एकत्र येतात: देशाचा स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. त्या दिवशीचे शुभवर्तमान (लूक 1:39-56) ऐकताना दरवर्षी एक गोष्ट मनात येते. सण स्वर्गाचा, पण वाचन पायवाटेचे. तरुण मरीया डोंगराळ मुलखातून लगबगीने वृद्ध अलीशिबेच्या घरी जाते आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहते.

2025 मध्ये हा सण शुक्रवारी आला. मिस्सा आणि झेंडावंदन झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही बेळगावहून गोडचिनमलकीचा धबधबा पाहायला निघालो. गाडी गावात ठेवून रानातून सुमारे अडीच किलोमीटर चालायचे. मार्कंडेय नदी तिथे दोन टप्प्यांत कोसळते. पहिलीच उडी सुमारे 25 मीटरची.

बाबा देवाघरी गेल्यापासून आई कुठेच येत नव्हती. "माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको," हे तिचे ठरलेले उत्तर. अलीकडे रविवारच्या मिस्सेलाही ती हेच म्हणू लागली होती. या वेळी नातवंडांच्या हट्टाने आली खरी, पण अर्ध्या वाटेत गुडघे बोलू लागले. सगळेच परत फिरूया, असे मी म्हणत होतो. तेवढ्यात दहावीतली आमची मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही मम्मीला आणि छोट्याला घेऊन पुढे व्हा. आज्जीजवळ मी थांबते."

धबधबा पाहून आम्ही परतलो, तेव्हा दोघी झाडाखाली दगडावर बसून हसत होत्या. आई आपल्या लग्नातल्या गमती सांगत होती. बाबांचे नाव हसतमुखाने घेताना मी तिला कितीतरी महिन्यांनी पाहिले.

तिथून गोकाकला गेलो. घटप्रभेचे गढूळ तांबडे पाणी 52 मीटर खाली झेपावताना आईने डोळे भरून पाहिले. मग बाजारात तिने स्वतःच्या पैशांनी करदंटाचे चार पुडे घेतले, शेजारणींसाठी!

अलीशिबाही पाच महिने घरात एकांतात राहिली होती (लूक 1:24). मरीया आल्यावर त्या घरात पुन्हा आनंद बोलू लागला. मरियेने तिथे कोणता चमत्कार केल्याचे लूक लिहीत नाही. ती गेली आणि राहिली, एवढेच. देवाने जिला स्वर्गात उचलून घेतले, तिचे पाय आधी एका म्हातारीच्या उंबऱ्याकडे वळले होते.

आपल्या धर्मग्रामातही अशी दारे आहेत. "खोळंबा नको" म्हणत कितीतरी आजी-आजोबा घरीच बसतात. मिस्सेला जाण्यासाठी त्यांना गाडीपेक्षा आधी कुणाची तरी सोबत हवी असते. येत्या रविवारी त्यांतल्या एका दारावर थांबा. अर्धा तास आधी निघावे लागेल आणि त्यांच्या पावलांनी चालावे लागेल, इतकेच.

हे माता मरीये, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.