पळसाची चोच, आपट्याचे सोने

फाल्गुनात औंढा नागनाथ आणि कळमनुरी तालुक्यांतल्या माळांवर पळस फुलतो, तेव्हा झाडावर पान जवळजवळ उरलेले नसते. काळपट मखमली टोपणातून केशरी पाकळी बाहेर येते ती पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. संस्कृतात या झाडाला किंशुक म्हणतात. ‘हा शुक तर नव्हे?’ असा प्रश्नच त्या नावात आहे, आणि मुलांच्या गोष्टीला तेवढा पुरतो: फांदीवर बसलेला हा थवा उडत का नाही? खऱ्या मैना आणि बुलबुल मात्र तिथे मधासाठी भांडत असतात. होळीच्या रंगासाठी हीच फुले पाण्यात उकळतात. मागून पालवी फुटते. तिच्या तीन दलांत आजीला ब्रह्मा, विष्णू, महेश दिसतात.

काटेसावरीची गोष्ट फुलापेक्षा बोंडात आहे. उन्हाळ्यात बोंड उकलते आणि बी कापसावर बसून वाऱ्याबरोबर निघते. असा तरंगता पुंजका, सावरीचा असो की रुईचा, मुलांच्या लेखी ‘म्हातारी’च.

पारिजातक रात्री फुलतो, पहाटे फुले टाकतो. झाड सत्यभामेच्या अंगणात आणि सडा रुक्मिणीच्या, ही कथा त्या पडण्यातूनच निघाली असावी. शेजाऱ्याच्या कुंपणात वाढलेल्या पारिजातकालाही ती लागू पडते.

सर्वांत श्रीमंत गोष्ट आपट्याची. गुरू वरतंतूंना 14 कोटी मोहरा द्यायच्या म्हणून कौत्स रघुराजाकडे येतो. राजाने दानात सारे वाटून टाकलेले, म्हणून कुबेर सोने पाडतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, पाचव्या सर्गात, ते सोने कोषागारात पडते. दसऱ्याला मुलांना सांगितल्या जाणाऱ्या कथेत ते आपट्यावर पडते, आणि हा बदल कथेच्या फायद्याचाच आहे: कोषागार मुलांच्या हाती लागत नाही, झाड लागते. दसऱ्याची मोठी परंपरा असलेल्या हिंगोलीत त्या दिवशी मुले दोन खुरांच्या आकाराचे ते पान थोरांच्या हाती ठेवून पाया पडतात. बाजारात पुष्कळदा कांचनाची पाने आपटा म्हणून विकली जातात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचे मोठे.

एवढे सोने लुटूनही आपट्याच्या फुलाला गोष्ट नाही. ते उन्हाळ्यात येते, फिकट पिवळसर आणि बारीक. तेव्हा दसरा फार लांब असतो.