कुठले पिंपळगाव?

"दोन दिवस धाडला जाऊन येतो," असे मी स्टाफरूममध्ये जाहीर केले, तेव्हा इंग्रजीच्या प्राध्यापकांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, "का हो? तुम्हांला काय धाड भरली?"

मराठी शिकवणाऱ्या माणसाला असले विनोद ऐकून घ्यावेच लागतात. धाड म्हणजे अवचित पडलेला हल्ला. धाड भरणे म्हणजे काहीतरी दुखणे लागणे. आणि धाडणे म्हणजे पाठवणे. पण मी शब्दकोशातल्या धाडीकडे निघालो नव्हतो. मी निघालो होतो बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड गावी. बुलढाण्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विदर्भाच्या अगदी काठाशी हे गाव आहे. पलीकडे मराठवाडा सुरू होतो. माझे आजोबा तिथे शाळामास्तर होते. आईचे ते माहेर, आणि आईची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्काच म्हणतो, तिचे सासरही तेच.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. अक्काने तेव्हा शहाऐंशी ओलांडली होती. तिच्या सुनेचा फोन आला, "भाऊजी, डॉक्टरांनी आता काही सांगता येत नाही म्हटलंय. सकाळी बारा-साडेबारापर्यंत सासूबाई चांगल्या बोलतात, माणसं ओळखतात. दुपारनंतर मात्र झापड येते. यायचं तर सकाळच्या पारीच या." आणि जरा थांबून तिने निरोप सांगितला, "त्या म्हणतात, दोघांना मिळून यायला सांग. आणि येताना रेणुकाईची ओटी भरून या म्हणाव्या."

दोघे म्हणजे माझी आई आणि अकोल्याचे मामा. ही तिघे भावंडे एकत्र भेटून किती वर्षे झाली होती, त्याचा हिशेब करायला कोणी धजावत नव्हते. मामांची अडचण मोठी होती. मामींना एक दिवसाआड डायलिसिसला न्यावे लागे. त्यामुळे सकाळी निघून रात्री अकोल्याला परत, एवढीच त्यांची मुदत.

सगळी आखणी मी माझ्याकडे घेतली. आमच्या घरात मी 'प्लॅनिंगवाला' म्हणून प्रसिद्ध आहे. सहलीला निघताना औषधांपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंतची यादी माझ्या खिशात असते आणि सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू असते. मी मोबाइलवरचा नकाशा उघडला, अंतरे मोजली, रस्ते ताडून पाहिले. आम्ही पुण्याहून आदल्या दिवशी निघून छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करायचा. सकाळी बदनापूर, जालना, राजूर, भोकरदन. मामांनी अकोल्याहून खामगाव, बुलढाणा असे यायचे. देवीपाशी भेटून, ओटी भरून, बाराच्या आत धाड. हे सगळे एका सुबक तक्त्यात मांडून मी मामांना पाठवले. त्यातली एक ओळ अशी होती : '११ वाजता – पिंपळगाव – भेट.'

वाचकहो, ही ओळ लक्षात ठेवा.

नवरात्राची तिसरी माळ होती. पाऊस नुकताच ओसरला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी व मका माजून उभा होता. बदनापूर आले तसा मला इतिहासाचा उमाळा आला. "आई, १८०३ साली २१ सप्टेंबरला इंग्रजांच्या दोन फौजा इथे एकत्र आल्या होत्या. एक वेलस्लीची, दुसरी कर्नल स्टीव्हन्सनची. पलीकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले. दोन्ही इंग्रज फौजा एका वाटेने गेल्या असत्या तर वेळ लागला असता, म्हणून त्यांनी वाटा वाटून घेतल्या. वेलस्ली जालन्याच्या अंगाने पूर्वेकडून, स्टीव्हन्सन पश्चिमेकडून. आणि २४ तारखेला दोघांनी मिळून हल्ला करायचा, असं ठरलं. बघ, अगदी आपल्यासारखं. आपण इकडून, मामा तिकडून!"

"मग भेटले का ते वेळेवर?" आईने विचारले.

"ते मोठं आहे, परतताना सांगतो," मी म्हटले. खरे म्हणजे पुढे वळण आले होते आणि मला नकाशात पाहायचे होते.

अकराला दहा कमी असताना आम्ही भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला पोहोचलो. मिरचीची मोठी बाजारपेठ असलेले हे गाव. हिरव्या मिरच्यांनी भरलेली पोती, टेम्पो, ट्रक आणि हवेत असा खाट की आई तीनदा शिंकली. मी घड्याळ पाहिले आणि स्वतःवर खूष झालो.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मामांचा फोन लागेना. साडेअकराला आई म्हणाली, "बाळ कधी उशीर करत नाही रे." पावणेबाराला फोन लागला. पलीकडून मामांचा आवाज, त्यामागे बरीच गर्दी.

"अरे, आम्ही पिंपळगावला कधीचे येऊन थांबलोय! तुम्ही आहात कुठे? आणि इथे रेणुकाई कुठली? इथे तर सगळी माणसं सैलानीबाबांच्या दर्ग्याला निघालीयत!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ते पिंपळगाव सराईला होते. बुलढाणा तालुक्यातले हे पिंपळगाव सैलानीबाबांच्या दर्ग्यामुळे सर्वत्र ठाऊक आहे. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. मामांना रेणुकाईचे पिंपळगाव ठाऊक नव्हते असे नाही. त्या मातीतच ते वाढले. पण आदली रात्र त्यांनी मामींच्या उशाशी जागून काढली होती, आणि मोटारीत बसताच त्यांचा डोळा लागला. गाडी चालवत होता मामेभाऊ, जन्मापासून अकोलेकर. त्याने माझा तक्ता समोर ठेवून मोबाइलला 'पिंपळगाव' विचारले. मोबाइलने जे आधी दाखवले ते त्याने धरले. शंका नको म्हणून बुलढाण्यात त्याने दोघांना विचारलेसुद्धा. त्यांनी बिनचूक वाट दाखवली, त्यांच्या पिंपळगावची.

"मामा, तुम्ही आता सरळ धाडला या," मी म्हटले. आईने घाईघाईने ओटी भरली. देवीपुढे ती काय पुटपुटली ते मला ऐकू आले नाही.

आम्ही साडेबाराला धाडला पोहोचलो. अक्का उशांना टेकून बसली होती. कपाळाला कुंकू, अंगावर ठेवणीतले लुगडे. सुनेने मुद्दाम नेसवले असावे. आईचा हात धरून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग दाराकडे पाहत म्हणाली, "बाळ कुठाय?"

"येतोय अक्का, येतोच आहे," आई म्हणाली.

"मिळून या म्हटलं होतं," एवढे बोलून अक्का दाराकडे पाहत राहिली. एक वाजेपर्यंत तिने डोळे उघडे ठेवले. नातवंडांनी तिला बोलते ठेवायचा प्रयत्न केला. मग पापण्या जड झाल्या, मान कलली. सुनेने अलगद उशा काढून तिला आडवे केले.

मामा पावणेदोनला आले. कोणी त्यांना काही सांगावे लागले नाही. ते खाटेशी स्टुलावर बसले, अक्काचा हात हातात घेतला आणि दोन तास तसेच बसून राहिले. मध्ये एकदा सून म्हणाली, "हलवून उठवू का?" मामांनी मानेने नको म्हटले. चारला ते निघाले. दुसऱ्या दिवशी मामींची पाळी होती. मोटारीत बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी चूक नाही रे. पिंपळगावंच फार झालीत."

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'संदिग्ध' असा शेरा लाल शाईने लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली आहेत. चूक कोणाची ते मला पक्के ठाऊक होते.

संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना आईने एकदम विचारले, "त्या इंग्रजांचं पुढे काय झालं? भेटले का?"

मी सांगितले. वेलस्लीचे हेर, म्हणजे त्या काळचे हरकारे, बातमी घेऊन आले की शिंद्यांचा तळ भोकरदनला आहे. वेलस्लीने त्या हिशेबाने मुक्काम ठरवला आणि २३ तारखेला नळणीला आला, तो कळले की शत्रू पाच-सहा मैलांवरच उभा आहे! हरकारे खोटे बोलले नव्हते. भोकरदन हे गावाचेही नाव होते आणि परगण्याचेही. तळाचे एक टोक भोकरदनजवळ, तर पायदळ आणि तोफा असलेले दुसरे टोक असईला. लढाईनंतरच्या पत्रात वेलस्लीने स्वतःच हा घोटाळा नमूद केला आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी लढाई दिली. जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचला.

"आणि आई, नदी ओलांडायला उतार कुठे आहे, हे वाटाड्यांनी सांगितलं नाही. वेलस्लीने पाहिलं की केळनेच्या दोन्ही काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. त्याने ताडलं, इतकी जवळची गावं म्हणजे माणसांची ये-जा असणार, आणि ये-जा म्हणजे उतार असणारच. खरंच होता. त्यातल्या एका गावाचं नाव माहीत आहे?"

"काय?"

"पिंपळगाव."

आईला त्या दिवसात पहिल्यांदा हसू आले.

मग ती आपल्या लहानपणाचे सांगू लागली. त्या लढाईनंतर डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह झाला, भोसल्यांचे वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. १८५३ साली ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि धाड व भोकरदन यांच्यामधून सरहद्द गेली. ती पुढे टिकलीच. आई लहान असताना धाड मध्यप्रदेशात होते आणि भोकरदन हैद्राबाद राज्यात. १९५६ च्या नोव्हेंबरात दोन्ही मुंबई राज्यात आली, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. "आम्ही बैलगाडीतून रेणुकाईला जायचो, म्हणजे दुसऱ्या राज्यात जायचो बघ," आई म्हणाली. "पण नुसतं पिंपळगाव कोणी म्हणत नसे. रेणुकाईचं पिंपळगाव. देऊळगाव म्हटलं की लगेच विचारायचे, राजा की मही? जळगाव म्हटलं की खानदेशातलं की जामोदचं? नाना वर्गात नकाशा काढायला लावायचे, तेव्हा गावाच्या ठिपक्याशेजारी नदी काढली नाही तर मार्क कापायचे."

नानांचे ते मार्क सत्तर वर्षांनी माझे कापले गेले.

एरवी नकाशाशास्त्राचा मला अभिमान आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. वेलस्लीच्याच ३३व्या पलटणीतला विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळी टाकून हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली आणि वीस वर्षांनी मोजत मोजत आपल्या विदर्भात येऊन १८२३ मध्ये हिंगणघाटला देह ठेवला. असईच्या वेळी वेलस्लीजवळ हरकारेच होते. माझ्या खिशात तर आकाशातले उपग्रह होते. पण उपग्रहाला काय विचारायचे, ते शेवटी माणसानेच नीट सांगावे लागते.

तेव्हापासून माझी प्रवासाची पद्धत बदलली आहे. ती सांगतो, कोणाच्या उपयोगी पडली तर पडो. गावाचे नाव कधीही एकटे लिहीत नाही. बुद्रुक की खुर्द, रेणुकाई की सराई, तालुका, जिल्हा आणि जवळची नदी किंवा मोठे गाव, एवढे लिहितो. नुसते नाव न पाठवता नकाशावर खूण करून ती खूणच पाठवतो. निघण्याआधी त्या भागाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवतो. डोंगरकाठी रेंज केव्हा जाईल याचा नेम नसतो. पावसाळ्यात जवळच्या वाटेचा मोह धरत नाही, एसटी ज्या रस्त्याने जाते तो धरतो. वेळ ठरवताना नकाशा दोन तास म्हणाला तर तीन धरतो. ज्या गावाला जायचे तिथल्या माणसाशी आदल्या दिवशी बोलून वाट वदवून घेतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाट चुकली तर कोणी कोणासाठी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे, हे आधीच ठरवतो. त्या दिवशी पाऊण तास मी देवळापाशी घड्याळ पाहत उभा होतो. त्या पाऊण तासात काय काय करता आले असते, याचा विचार मी आता करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ताजीतवानी उठली. आईच्या हातून दोन घोट चहा घेतला. मग विचारले, "बाळ येऊन गेला का?"

"आला होता अक्का. दोन तास बसला होता तुझ्याजवळ."

"मग मला उठवलं का नाही?"

कोणी बोलले नाही. अक्काच म्हणाली, "जाऊ दे. लहानपणीसुद्धा मी निजले की तो माझ्या उशाशी गप बसून राहायचा." आणि ओटीतले तांदूळ तिने चिमटीने उचलून दुसऱ्या हातावर ठेवले. "हे बाळला धाडा," म्हणाली.

मार्गशीर्षात ती गेली. तांदळांची पुडी मामांनी देवघरात ठेवली आहे.

तेराव्याचे निरोप पाठवायचे काम माझ्याकडेच आले. मी प्रत्येकाला नीट लिहिले : 'मु. पो. धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, बुलढाणा-भोकरदन रस्ता', आणि खाली नकाशावरची खूण. मामांचे उत्तर दोन मिनिटांत आले.

'धाड मला माहीत आहे रे. पण बरे केलेस.'