सीमेअलीकडचा पंप

बांद्याहून गोव्याकडे निघालं की थोड्याच वेळात पत्रादेवी लागते. तिथे महाराष्ट्र संपतो, गोवा सुरू होतो आणि पेट्रोल स्वस्त होतं. मी बरीच वर्षं मॅनेजर म्हणून काम केलं तो पंप या सीमेच्या अलीकडे, म्हणजे महागाच्या बाजूला होता. पलीकडच्या पंपावर तेल त्याच कंपनीचं आणि पोरांचा गणवेशही तोच. फरक काय तो फलकावरच्या आकड्यात. त्यामुळे गोव्याच्या दिशेने जाणारा माणूस आमच्याकडे थांबायचा तो नाइलाजाने. पन्नासची नोट पुढे करून म्हणायचा, "पत्रादेवीपर्यंत पोचण्याइतक्या घाल, फुडे बघतंय."

ही दरी एकदम रुंद झाली 2012 साली. मनोहर पर्रीकर मार्चमध्ये गोव्याचे मुख्यमंत्री झाले आणि निवडणुकीत दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला. तो 0.1 टक्क्यावर आला. 2 एप्रिलपासून गोव्यात पेट्रोल एका फटक्यात 11 रुपयांनी उतरलं. आमच्याकडे सकाळी दुचाक्यांची रांग लागायची ती पातळ झाली. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या भागातली कितीतरी मुलं रोज म्हापसा-पणजीला नोकरीला जातात. ती येताना तिकडूनच टाकी फुल्ल करून यायला लागली. ज्यांचं गोव्यात काही काम नव्हतं तेही संध्याकाळी फेरफटका मारल्यासारखे जाऊन येऊ लागले. पुढे गोव्याने तो कर हळूहळू परत वाढवला, पण दोन्हीकडचे दर सारखे कधीच झाले नाहीत.

गिऱ्हाईक भांडायचं ते आमच्याशी. "काय ओ, तुमचो मालक एकटोच श्रीमंत होतलो काय?" हे वाक्य मी किती तऱ्हांनी ऐकलं असेल! लोकांची समजूत अशी की, भाजीवाला जसा भाव लावतो तसा पंपवाला लावतो. प्रत्यक्षात दर कंपनी कळवते, पंपाने तो फलकावर चढवायचा एवढंच. मालकाला मिळायचं ते लीटरमागे ठरलेलं कमिशन, पेट्रोलवर साधारण साडेतीन-चार रुपये. त्यातून पगार, वीज, बँकेचं व्याज आणि तेल उडून होणारी घट भागवायची. 2017 मध्ये ठरलेलं हे कमिशन 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत वाढलं नाही. मधल्या काळात, 31 मे 2022 रोजी, अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी निषेध म्हणून एक दिवस कंपन्यांकडून तेलच उचललं नाही.

दुसरा संशय भेसळीचा आणि मापाचा. काही लोक शंभरचं मागायचे नाहीत, एकशे दहाचं मागायचे. गोल आकड्यात यंत्र चोरी करतं असं कुणीतरी कुणाला सांगितलेलं असतं. अशा माणसाला मी बाजूला बोलावून टँकर खाली करण्याची पद्धत दाखवायचो. टँकर घाट उतरून पहाटे यायचा. आधी सील बघायचं, मग झाकण उघडून प्रत्येक चेंबरमध्ये डीपची काठी सोडायची. नंतर काचेच्या उंच भांड्यात नमुना काढून त्यात हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडायचा. तेलाची घनता तापमानाबरोबर बदलते, म्हणून आलेला आकडा तक्त्यावरून 15 अंशांना बेतून घ्यायचा आणि चलनावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. फरक तीनपेक्षा जास्त आला तर टँकर खाली करायचा नाही. मापासाठी पाच लिटरचं शिक्का मारलेलं भांडं प्रत्येक पंपावर असतं. कुणीही मागितलं तर त्यात तेल मोजून दाखवावं लागतं. एवढं बघितल्यावर माणूस मापाबद्दल शांत व्हायचा, पण दराबद्दल त्याचं समाधान करण्यासारखं माझ्याकडे काहीच नसायचं.

मी कामाला लागलो तेव्हा पेट्रोलचा दर साधारण पंधरवड्याने बदलायचा. दर वाढणार अशी बातमी आली की आदल्या रात्री बाराच्या आत टाकी भरायला अख्खं गाव यायचं. 16 जून 2017 पासून दर रोज बदलायला लागले, सकाळी सहाला. हा बदल आला आणि ती रात्रीची गर्दी संपली. आज बारा पैसे, उद्या एकवीस पैसे, परवा नऊ. एवढ्याशा वाढीसाठी कोण भांडणार? पाच रुपये एकदम वाढले असते तर मोर्चा निघाला असता. तेच पाच रुपये महिनाभरात पैशापैशाने वाढले तर गिऱ्हाईक नुसतं हुश्श करून पाकीट काढायचं.

तेल बाहेरून येतं, बाहेर महागलं की इथे महागणार, हे मीही लोकांना सांगायचो. ते खोटं नाही. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून जास्त तेल आयात होतं, तेही डॉलर मोजून. म्हणजे तेलाचा भाव जागेवर असला तरी रुपया घसरला की बोजा वाढतोच. पण हे उत्तर अर्धंच आहे, हे मला 2020 मध्ये कळलं. टाळेबंदीत रस्ते ओस पडले होते. आम्ही पंपावर मास्क लावून माश्या मारत बसायचो. एप्रिलमध्ये भारताला लागणारं कच्चं तेल पिंपामागे सरासरी 20 डॉलरच्या आसपास आलं. आता तरी दर कोसळणार अशी सगळ्यांची खात्री होती. फलकावर मात्र काहीच हललं नाही. 5 मेच्या रात्री केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपयांनी वाढवलं. जी स्वस्ताई लोकांच्या टाकीत यायची ती सरकारी तिजोरीत गेली. 2014 मध्ये पेट्रोलवर लीटरमागे 9.48 रुपये असलेलं हे शुल्क तेव्हा 32.98 रुपये झालं. कच्चं तेल सावरायला लागलं तसे जूनपासून दर रोज चढू लागले, पण वाढवलेला कर तसाच राहिला.

2021 मध्ये पेट्रोलने शंभरी गाठली. आमच्या एका जुन्या यंत्रावर रुपयांसाठी दोनच आकड्यांची जागा होती. कारागीर येऊन बदल करेपर्यंत ते बंद ठेवावं लागलं. लोकांच्या तोंडातलं "शंभरचं टाक" मात्र बदललं नाही. 2012 मध्ये शंभर रुपयांत जवळपास 1.4 लिटर पेट्रोल यायचं, आता लीटरही येईना. मासळीची पाटी स्कूटरवर बांधून वाड्यावाड्यांत फिरणाऱ्या बाईंचं गणित मी जवळून पाहिलं. त्या रोज शंभरचंच घालायच्या. भाव वाढला की पेट्रोल वाढवायच्या नाहीत, शेवटची वाडी सोडायच्या. त्या वाडीत मासळी पोचेनाशी झाली, हेच तिथलं पेट्रोलच्या दरवाढीचं रूप. डिझेलचा मार आणखी आडून बसायचा. भाजी आणि दूध आणणारे टेम्पो डिझेलवर चालतात, त्यामुळे ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही त्यालाही पंपाचं बिल भरावं लागतं.

त्याच वर्षी दिवाळीत केंद्राने शुल्क कमी केलं. 3 नोव्हेंबरला संध्याकाळी घोषणा झाली आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळपासून नवा दर लागू झाला. पेट्रोलवर 5 रुपये आणि डिझेलवर 10 रुपये कपात होती, पण मुंबईत प्रत्यक्षात पेट्रोल 5.87 आणि डिझेल 12.48 रुपयांनी उतरलं. हे जास्तीचे पैसे कुठून आले, असं पोरांनी मला विचारलं. राज्याचा व्हॅट टक्केवारीने लागतो आणि तो केंद्राचं शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो. केंद्राने कर वाढवला की राज्याचाही आपोआप वाढतो, तिकडे घटला की इकडेही घटतो. करावर कर म्हणतात तो असा. गिऱ्हाइकांची दिवाळी झाली, मालकाचं मात्र दिवाळं निघायची वेळ आली. सणासाठी टाक्या भरून ठेवल्या होत्या, त्या तेलाचे पैसे जुन्या दराने आधीच चुकते केले होते. एका रात्रीत लाखाच्या वर गेले. गोव्याने आपला करही लागलीच उतरवला, महाराष्ट्राने त्या वेळी उतरवला नाही. आमच्याकडे व्हॅट कमी झाला तो जुलै 2022 मध्ये, पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 3 रुपये. मधल्या काळात पत्रादेवीची वाट आणखी वाहती झाली.

त्या दिवाळीनंतर रोज बदलणारा दर अचानक गोठला. गोवा, उत्तर प्रदेश आणि आणखी तीन राज्यांत निवडणुका होत्या. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं, कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी आमचा फलक ढिम्म. मार्चच्या दहा तारखेला निकाल लागले आणि बावीस तारखेपासून दर चढू लागले, बहुतेक दिवशी 80 पैशांनी. 6 एप्रिलपर्यंत लीटरमागे 10 रुपये वाढले. पेट्रोलचा दर 2010 मध्ये आणि डिझेलचा 2014 मध्ये नियंत्रणमुक्त झाला, असं कागदोपत्री आहे. पंपावर उभं राहून मला तो बाजारापेक्षा मतदानाची तारीख बघून हलताना दिसला.

राज्यांनीही हात धुऊन घेतले आहेत. महाराष्ट्रात टक्केवारीच्या व्हॅटवर लीटरमागे वेगळा अधिभारही आहे. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून 2 रुपये लावले गेले. पुढच्या वर्षी पाऊस उत्तम झाला, अधिभार गेला नाही, उलट 2017 मध्ये वाढला. त्यात वाहतुकीचा खर्च मिळवा. परभणीला मनमाडहून तीनशेहून अधिक किलोमीटर टँकर जायचा, म्हणून तिथलं पेट्रोल कायम राज्यात सर्वांत महागांत गणलं गेलं. ज्या जिल्ह्यात लोकांच्या हातात पैसा कमी, तिथेच लीटरला पैसे जास्त.

मी काम सोडलं त्या वर्षीची, 2025 च्या एप्रिलची गोष्ट. कच्चं तेल पुन्हा उतरलं होतं. केंद्राने शुल्क 2 रुपयांनी वाढवलं आणि किरकोळ दर आहे तोच ठेवला. कुणी ओरडलं नाही, कारण फलकावर काही दिसलंच नाही.

रस्ते, शाळा, दवाखाने करातूनच होतात, तेव्हा इंधनावर कर नकोच असं मी म्हणणार नाही. पण पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे. ते आत आणण्याची घाई ना केंद्राला आहे ना राज्यांना, कारण इतकं सहज वसूल होणारं दुसरं उत्पन्न त्यांच्याकडे नाही. ते येईल तेव्हा येवो. तोवर एक साधी गोष्ट करता येण्यासारखी आहे. विजेच्या बिलावर आकार, अधिभार आणि शुल्क वेगळं छापलेलं असतं. पंपाच्या पावतीवर फक्त लीटर, दर आणि रक्कम असते. तिच्यावर चार ओळी वाढवा: तेलाची किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर, पंपाचं कमिशन. बहुतेक यंत्रं संगणकाला जोडलेली आहेत, छापायला कागदाची एक बोटभर पट्टी जास्त लागेल. गिऱ्हाइकांनी ही मागणी आमदार-खासदारांकडे लावून धरावी. म्हणजे भांडण योग्य दारात जाईल, आणि नोझल धरून उन्हात उभ्या असलेल्या पोराला निष्कारण शिव्या खाव्या लागणार नाहीत.