गाठीला सुई

"काहीही करा, पण गाठीला सुई लावू देऊ नका. सुई लागली की ती पसरते." आमच्या मोहल्ल्यात ही गोष्ट इतक्या ठामपणे सांगितली जाते, की शंका घ्यायची सोयच उरत नाही. माझ्या भाच्याच्या गुडघ्याच्या वर गाठ आली, तेव्हा घरातल्या प्रत्येक बुजुर्गाने ती एकेकदा ऐकवली.

मुलगा पंधरा वर्षांचा. रात्री पाय ठणकायचा, झोप मोडायची. खेळताना लागलं असेल म्हणून एका हाडवैद्याने तीन आठवडे तेल लावून चोळलं. अशी गाठ चोळायची नसते. शेवटी एक्स-रे पाहून गावातल्या डॉक्टरांनी सरळ परळला, टाटा हॉस्पिटलला पाठवलं.

रोगाचं नाव ऑस्टिओसार्कोमा. वाढीच्या वयात होणारा हा हाडाचा कॅन्सर बहुतेक वेळा गुडघ्याच्या आसपासच घर करतो. तपासणीसाठी तुकडा काढायचा म्हटल्यावर आपा रडू लागली. डॉक्टरांनी कागदावर पायाचं चित्र काढून तिला समजावलं. सुई भलत्याच वाटेने गेली तर त्या वाटेवर रोगाच्या पेशी सांडू शकतात. म्हणून पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच तिची जागा ठरवायची आणि ऑपरेशनच्या वेळी ती वाटही गाठीबरोबर काढून टाकायची. पण तुकडा तपासल्याशिवाय औषध ठरत नाही. इविंग सार्कोमाही मुलांच्या हाडातलाच, पण त्याची औषधं वेगळी. मोहल्ल्याची समजूत इतकी टिकली, ती तिच्यात हा खरेपणाचा कण आहे म्हणूनच, असं मला वाटतं.

१९७० च्या आधी पाय कापणं हाच उपाय होता आणि तरीही पाचातले चार रुग्ण वाचत नसत. रोग नजरेआड फुप्फुसांत पोचलेला असे. आता आधी किमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा किमो. रोग पसरलेला नसेल तर शंभरातले साठ-सत्तर वाचतात; फुप्फुसांत दिसू लागला असेल तर वीस-तीस. आपाने हे आकडे एकदाच ऐकले, पुन्हा विचारले नाहीत.

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. किमोतलं एक औषध लालभडक. बाटलीकडे बघून भाचा म्हणाला, "मामू, शिरेतून रूह अफजा!" त्या दिवशी तो हसला, नंतर चार दिवस पाणीही पोटात ठरलं नाही.

पाय वाचला. मांडीच्या हाडाचा खालचा भाग आणि गुडघा आता धातूचा आहे. काढलेल्या गाठीतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी किमोने मेलेल्या निघाल्या, हे चांगलं लक्षण. मात्र गुडघा पुरता दुमडत नाही. दस्तरखानावर सगळे खाली बसतात, तो स्टुलावर. मशिदीत शेवटच्या सफीत त्याची खुर्ची असते.

दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी होते. त्या आठवड्यात आपा कुणाशी फारसं बोलत नाही. पुढची तारीख ईदनंतरची आहे.