होमर टनेलच्या सिग्नलला

न्यूझीलंडला जाऊन आले म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बंजी केलंस का?’ नाही केलं बुवा. मॅडीने केलं. क्वीन्सटाउनजवळच्या कावाराऊ पुलावरून, ४३ मीटर. बंजी जम्पिंगचा धंदा १९८८ मध्ये याच पुलावर कायमचा थाटला गेला. मी काठावर उभं राहून त्याच्या किंचाळ्या शूट केल्या आणि माझ्या वाट्याचं थ्रिल तेवढ्यावर भागवलं.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे. मॅडी, चिऊ, बंड्या आणि मी. फेब्रुवारी २०२४, साउथ आयलंड, दहा दिवस, भाड्याची एक छोटी गाडी. प्लॅन खरं तर कॉलेजच्या कट्ट्यावर शिजला होता. मग कुणाचं प्रोजेक्ट, कुणाचं लग्न, मग कोविड... असे प्लॅन कसे बारगळतात ते तुम्हाला माहीतच आहे. या वेळी बंड्याने ऑगस्टमध्येच एक्सेल शीट केली, सगळ्यांच्या मानगुटीवर बसून पैसे काढले आणि तिकिटं बुक करून टाकली. म्हणून झालं.

ख्राइस्टचर्चच्या एअरपोर्टवर सुरुवातच भारी झाली. खाण्याची प्रत्येक वस्तू तिथे डिक्लेअर करावी लागते. चिऊच्या आईने दिलेल्या मेतकुटाच्या पिशवीत एका ऑफिसरने नाक खुपसलं. ‘भातावर घालतात,’ असं चिऊने शक्य तितक्या सात्त्विक चेहऱ्याने सांगितलं. सोडलं बाबा त्याने!

गाडी चालवायला मात्र आपल्याला सोपं. स्टिअरिंग उजवीकडे, आपण डावीकडून, लायसन्स इंग्रजीत असलं की काम होतं. सवय करावी लागते ती वन-लेन पुलांची. पाटीवर आपल्या बाजूचा बाण लाल आणि छोटा असेल, तर आपण थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. आणि तिथे लोक खरंच थांबतात हो! पहिल्या पुलावर समोरची गाडी थांबलेली बघून मॅडीला वाटलं, बिचारी बंद पडली.

टेकापो सोडलं आणि थोड्या वेळाने पुकाकी लेक दिसला. गाडीत एकदम शांतता. त्या निळ्या रंगाला माझ्याकडे शब्द नाही. दूध घातलेला निळा म्हणा. हिमनदी सरकताना खालचा दगड अक्षरशः दळते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावरून प्रकाश असा परततो. तळ्याच्या काठाकाठाने रस्ता थेट माउंट कुकच्या पायथ्याशी जातो. तिथे हिलरींचा पुतळा आहे, नजर शिखराकडे. एव्हरेस्टच्या पाच वर्षं आधी, १९४८ मध्ये, ते याच डोंगराच्या दक्षिण धारेवरून वर गेले होते. आपण हिलरींना नेहमी तेनसिंगच्या शेजारी बघतो. इथे ते एकटेच, घरच्या डोंगरासमोर, बरे वाटले.

पण मला खरं सांगायचंय ते मिलफर्डच्या रस्त्याबद्दल.

ते अनाऊ ते मिलफर्ड साउंड, साधारण १२० किलोमीटर. गाव सोडलं की मोबाईलची रेंज जाते ती जातेच. पेट्रोल आधीच भरून घ्यायचं. वाटेत मिरर लेक्स लागतात, तिथली पाटी मुद्दाम उलटी लावलीय, म्हणजे पाण्यातल्या प्रतिबिंबात ती सुलटी वाचता येते. आमच्या नशिबात त्या दिवशी पाऊस. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आंबोलीशी स्पर्धा करेल असा. पाऊस असला की उघड्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं.

गाडी बंड्या चालवत होता. होमर टनेलच्या तोंडाशी लाल सिग्नल लागला. बोगदा सव्वा किलोमीटरचा आणि अरुंद, गर्दीच्या दिवसांत एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. थांबलो तेवढ्यात बॉनेटवर एक किआ येऊन बसला. हा डोंगरातला पोपट, महाउपद्व्यापी. त्याने शांतपणे आमच्या वायपरचं रबर उपटायला घेतलं.

चिऊ आदल्या रात्री वाचून आली होती, त्यामुळे कॉमेंट्री चालू होती. हा रस्ता मंदीच्या काळात बांधलाय. सरकारने बेकार लोकांना काम दिलं, कुदळ-फावडी देऊन इथे पाठवलं. बोगदा १९३५ मध्ये सुरू केला तेव्हा पाच माणसं होती आणि हातगाड्या. तंबूत राहायचे, हिवाळ्यात महिनोन्‌महिने थेट ऊन नाही. हिमकडे कोसळून माणसं गेली, मधे महायुद्ध आलं, बोगदा सुरू व्हायला १९५४ उजाडलं.

‘म्हणजे आपलीच माणसं,’ बंड्या म्हणाला.

‘आपली म्हणजे?’

‘बेकार. मी पण बेकारच आहे की. नोव्हेंबरपासून.’

किआ रबर ओढत होता. कुणीच हसलं नाही.

मग तुकड्यातुकड्यात आलं सगळं. त्याची अख्खी टीम एका व्हिडिओ कॉलवर कमी केली होती. बायकोला माहीत होतं. तिकिटांचे पैसे परत मिळणार नव्हते, ‘जा’ तीच म्हणाली. आई-बाबांना पत्ता नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन तो लायब्ररीत जाऊन बसायचा. सुपरमार्केटमध्ये शिळ्या ब्रेडचा रॅक शोधायचा तो, पण बंड्या कॉलेजपासूनच चिकट, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

‘आम्हाला का नाही सांगितलंस?’ चिऊचा आवाज चिरकला.

‘सांगितलं असतं तर दहा दिवस माझ्याकडे पेशंटसारखं बघितलं असतंत.’

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला नाही, नुसता थांबला. किआ उडाला आणि आम्ही आत शिरलो. कोरलेला ओबडधोबड दगड, पुढे उतार, मिणमिणते दिवे. आत कुणी बोललं नाही. बाहेर पडलो तर दोन्ही बाजूंनी भिंतच्या भिंत पाण्याने वाहत होती! मॅडी ओरडला, ‘अरे थांबव ना!’ आणि बंड्या म्हणाला, ‘नो स्टॉपिंग लिहिलंय, वाचता येतं का?’ हा आमचा नेहमीचा बंड्या होता.

बोटीतून फ्योर्ड बघितला, धबधब्याखाली चिंब भिजलो, फोटो आहेत. सुंदर आहे, जाच.

रात्री ते अनाऊच्या मोटेलमध्ये मॅडीने हळूच शीटमधला बंड्याचा हिस्सा तिघांत वाटायचा विषय काढला. बंड्याने शीट लॉक केली. हिशोब चार जणांतच राहिला. मग चिऊने त्याचा सीव्ही उघडून लाल खुणा करायला घेतल्या, मी मेतकूट-भात केला. जेवण झाल्यावर तो फोन घेऊन तळ्याकडे गेला. तिथे साडेनऊ म्हणजे पुण्यात दुपारचे दोन, बाबांची जेवून आडवं व्हायची वेळ.

खिडकीतून तो फेऱ्या मारताना दिसत होता. आम्ही तिघं आत चार ताटल्या वीस मिनिटं घासत होतो.